भाचीला सेरेब्रल पाल्सी आहे, गाव माण तालुक्यात. कागदपत्रं, थेरपी, शाळा... सुरुवात कुठून करायची?

रानवारा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज मदत हवीय म्हणून धागा काढतोय. माझी भाची ७ वर्षांची आहे, सेरेब्रल पाल्सी (सीपी), म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचालींवर परिणाम झालेला. जन्मल्यावर लगेच रडली नव्हती, पेटीत ठेवावं लागलेलं. आता मान धरते, आधार दिला तर बसते, उभी राहत नाही. उजवा हात चांगला चालतो, डावा कडक असतो. शब्द फुटलेले नाहीत पण समजतं सगळं, आजी नुसती "दूध उतू चाललंय गं" म्हणाली की पोरगी चुलीकडं बघते. बहीण-दाजी गावी असतात, कोरडवाहू जमीन आणि दोन म्हशी, दाजी अधूनमधून ट्रकवर जातात. मी पुण्यात नोकरीला आहे.

सध्या बहीण दर महिन्याला तिला पुण्यात घेऊन येते, एका सेंटरमध्ये दोन-तीन दिवस थेरपी होते, परत जाते. गाडीभाडं, फी, दाजींचा बुडालेला रोज असं सगळं धरलं तर हे फार दिवस चालणार नाही हे आम्हाला कळतंय. दिव्यांग सर्टिफिकेट अजून काढलेलं नाही कारण घरातल्या मोठ्यांचं म्हणणं की एकदा कागदावर आलं की कायमचं झालं, उद्या पोरगी चालायला लागली तर काय. जवळच्या एका खासगी शाळेनं "आमच्याकडं अशा मुलांची सोय नाही" म्हणून परत पाठवलं. एका शिबिरात व्हीलचेअर मिळाली ती मोठ्या माणसाच्या मापाची, त्यात ती एका अंगाला कलंडते, त्यामुळं ती खुर्ची तशीच पडून आहे.

नेटवर योजनांच्या याद्या ढिगानं आहेत, पण आधी काय करायचं नि नंतर काय, कुठल्या खिडकीवर जायचं, हे कुणी नीट सांगत नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा.

अनघा

रानवारा, बरं झालं धागा काढलात. माझा मुलगा २१ वर्षांचा आहे, त्यालाही सीपी. सगळं एकदम सांगितलं तर बहिणीला दडपण येईल म्हणून मी फक्त पहिल्या पायरीचं लिहिते, बाकीचे लिहितीलच.

पहिलं यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. हे काढल्याशिवाय पुढचं जवळजवळ काहीच हलत नाही. पेन्शन, एसटी, रेल्वे, निरामय, शाळेतल्या सवलती, सगळीकडं पहिला प्रश्न तोच. स्वावलंबन कार्डच्या पोर्टलवर ऑनलाइन अर्ज भरायचा, फोटो, आधार आणि पत्त्याचा पुरावा लागतो, तिथंच सरकारी हॉस्पिटल निवडायचं आणि मग ठरलेल्या दिवशी मुलीला घेऊन जायचं. तपासणीचे वार प्रत्येक हॉस्पिटलचे वेगळे असतात, तेवढा आधी फोन करून विचारा, नाहीतर पोरीला घेऊन एवढ्या लांब गेल्यावर कळतं की आज तपासणारा डॉक्टरांचा बोर्ड बसत नाही. दिव्यांगत्व ४० टक्के आणि पुढं असलं की बहुतेक योजना लागू होतात. कार्ड ४० ते ७९ ला पिवळं, ८० आणि वर निळं.

आता घरच्यांच्या भीतीबद्दल. मी त्यांच्या जागी होते म्हणून सांगते, माझ्या सासूबाईही हेच म्हणायच्या. सर्टिफिकेट न काढल्यानं कुणी चालायला लागलं असं मी आजवर पाहिलेलं नाही. लहान मुलांना बरेचदा मुदतीचं तात्पुरतं सर्टिफिकेटच देतात, त्यावर तारीख असते, नंतर पुन्हा तपासतात. पोरगी सुधारली तर टक्के कमी होतील, एवढंच. पण मधली वर्षं जी मदत मिळायला हवी होती ती मागाहून कुणी देत नाही.

अजून एक, जायच्या आधी आधारवरचं नाव आणि जन्मदाखल्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. आणि बाल आधार असेल तर ५ वर्षांनंतरचं बोटांचं-डोळ्यांचं अपडेट झालंय का तेही बघा, सीपीच्या मुलांची मूठ उघडत नाही, ठसे नीट येत नाहीत, म्हणून हे काम लोक पुढं ढकलतात आणि ऐन वेळी तिथंच अडतं. तिच्या नावाचं आईसोबत बँक खातं उघडा, आधार जोडून घ्या.

फिजिओ_सोलापूर

अनघाताईंना अनुमोदन. मी सरकारी दवाखान्यात फिजिओ आहे, सीपीची मुलं रोज बघतो. बोर्डावर जाताना एक गोष्ट आवर्जून करा. फक्त हातापायांची तपासणी करून परत येऊ नका. बोलणं नाही म्हणताय तर ऐकणं, बोलणं, नजर, बुद्धिमत्ता या सगळ्यांची तपासणी मागा. नुसत्या हालचालींचे टक्के वेगळे आणि बहुविकलांगतेचे वेगळे, त्यावर पुढचं बरंच ठरतं. आणि तिला समजतं सगळं असं तुम्ही लिहिलंय, ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण न बोलणाऱ्या मुलाला घाईत "समजत नाही" असं लिहून टाकलं जातं. घरी मोबाइलवर छोटे व्हिडिओ काढून ठेवा, चुलीचं उदाहरण दिलंत तसे. दवाखान्यात मूल घाबरलेलं असतं, तिथं ते काहीच दाखवत नाही.

आता थेरपीचं. महिन्यातून दोन-तीन दिवस पुण्यात यापेक्षा रोज घरी अर्धा-पाऊण तास हे केव्हाही जास्त उपयोगाचं. पुण्याचं सेंटर बंद करा असं म्हणत नाही, तीन-चार महिन्यांनी तिथं जाऊन घरी काय करायचं ते शिकून यायचं. मधल्या काळात जवळ बघा. बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत डीईआयसी (मागं पडणाऱ्या मुलांवर लवकर उपचार करणारं केंद्र) म्हणून विभाग आहे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा, तो २०१३ पासून चालू आहे आणि जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. तिथं फिजिओ, स्पीच, कान-डोळे हे मोफत असतं. अंगणवाडी आणि झेडपी शाळांत तपासणीला येणारं पथक याच कार्यक्रमाचं, त्यांच्याकडून चिठ्ठी घेऊन गेलात तर काम सोपं होतं.

खुर्चीबद्दल सविस्तर लिहितो कारण हे घरी लगेच करता येण्यासारखं आहे. पोरगी कलंडते म्हणजे खुर्ची रुंद आहे आणि पायाला आधार नाही. पाय लोंबकळले की कंबर पुढं घसरते, पाठ वाकते, मग हात स्वतःला सावरण्यातच अडकतात आणि आपण म्हणतो हिला हात वापरता येत नाही. गावातल्या सुताराकडून प्लायवूडची कोपरा-खुर्ची करून घ्या. पाठीमागं दोन फळ्या काटकोनात, म्हणजे खांदे आपोआप पुढं येतात. बैठकीची रुंदी तिच्या कमरेला दोन्हीकडं बोटभर जागा राहील एवढीच. गुडघ्यांच्या मध्ये एक गुंडाळलेला कापडी ठोकळा, नाहीतर पायांची कैची होते. तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत, कमी पडलं तर खाली लाकडी पाट. समोर पोटाजवळ येईल असा ट्रे. जेवायला तिला याच खुर्चीत बसवा, मांडीवर आडवं घेऊन भरवू नका, घास श्वासनलिकेत जायची भीती असते. हनुवटी किंचित खाली, चमचा समोरून.

आणि हे विसरू नका, जी मुलं चालत नाहीत त्यांच्या खुब्याचा सांधा हळूहळू निसटत जातो, सुरुवातीला दुखतही नाही. ठरावीक काळानं कमरेचा एक्स-रे काढून हाडाच्या डॉक्टरांना दाखवत राहा. ७ वर्षांपर्यंत एकदाही काढला नसेल तर याच महिन्यात काढा.

रानवारा

एक्स-रे कधीच काढलेला नाही. बहिणीला आत्ताच फोन करून सांगितलं. खुर्चीचं वर्णन तिला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय, गावात सुतार आहे ओळखीचा. मनापासून धन्यवाद.

निवृत्त_अव्वलकारकून

पैशाच्या बाजूचं मी सांगतो, तहसीलमध्ये संजय गांधी शाखेत काम केलेलं आहे.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० आहे, इतरांना २१,००० आहे. लोक २१,००० चा आकडा ऐकून परत जातात, तसं करू नका. मूल लहान असलं तरी पालकांमार्फत अर्ज होतो. दिव्यांगांची रक्कम आधी महिना १,५०० होती, ती ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० केली. कागद म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, महाराष्ट्रात १५ वर्षं राहत असल्याचा पुरावा, रेशनकार्ड, आधार, पासबुक. अर्ज दिला की पोच घ्या, पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. मंजूर झाल्यावर दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकला की पैसे थांबतात आणि बायाबापड्या सहा-सहा महिने हेलपाटे घालत बसतात. कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगा बहिणीला.

दुसरं, ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. झेडपी, नगरपालिका सगळ्यांना हे लागू आहे. छोट्या ग्रामपंचायतीत ही रक्कम फार नसते, पण बऱ्याच गावांत ती खर्चच पडत नाही कारण कुणी मागत नाही. दाजींनी ग्रामसेवकाकडं जाऊन मुलीचं नाव दिव्यांगांच्या नोंदवहीत घालून घ्यावं, आणि लेखी अर्ज द्यावा. ग्रामसभेत उठून विचारलं तर जास्तच बरं. गावात आणखी दोन-चार घरं असतील अशी, सगळ्यांनी मिळून अर्ज दिला तर वजन पडतं.

पाटीपेन्सिल

मी समग्र शिक्षा या सरकारी शालेय शिक्षण योजनेत विशेष शिक्षिका आहे. शाळेचं वाचून फार वाईट वाटलं, पण हे रोजचं आहे.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे ना, त्याच्या कलम ३१ प्रमाणं ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पालकांनी निवडलेल्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारनं चालवलेल्या, अनुदान किंवा मान्यता दिलेल्या शाळेला दिव्यांग म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. तरी माझं मत विचाराल तर त्या खासगी शाळेशी भांडण्यात बहिणीची ताकद घालवू नका, गावातल्या झेडपी शाळेत नाव घाला. गुरुजी चांगले असतील तर पोरगी तिथं फुलेल, शेजारपाजारची पोरं तिच्या ओळखीची असतात, तीच तिला खेळायला ओढून नेतात. मी अशा मुली बघितल्यात.

नाव घातल्यावर मुख्याध्यापकांना सांगा की यू-डायसमध्ये (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) तिची दिव्यांग म्हणून नोंद करा. ही एक नोंद राहिली की पुढं वह्यापुस्तकं, साहित्य, भत्ते काहीच येत नाही, आणि बऱ्याच शाळांत ती राहते. मग तालुक्याच्या गट साधन केंद्रात जाऊन तिथल्या विशेष शिक्षकाला भेटा. शाळेत रोज जाणं झेपत नसेल तर घरी येऊन शिकवायचीही तरतूद आहे. पण घरचं शिक्षण हा शेवटचा पर्याय धरा, शाळेत अर्धा दिवस बसली तरी चालेल.

बोलत नाही म्हणून शिकणं थांबवू नका! उजवा हात चालतो ना, मग चित्रांचा तक्ता करा. पुठ्ठ्यावर पाणी, भूक, शू, दुखतंय, बाहेर, नको, आजी असे फोटो चिकटवा, वरून पारदर्शक प्लास्टिक. सुरुवातीला दोनच चित्रं ठेवा, हळूहळू वाढवा. तिनं बोट ठेवलं की लगेच ते द्यायचं, म्हणजे तिला कळतं की माझ्या बोटानं काहीतरी घडतं. बोलण्याची सवय मोडेल अशी भीती लोकांना वाटते, तसं होत नाही, उलट आवाज काढायला लागतात मुलं.

धुळ्याचा_शाम

माझ्या चुलत भावाच्या मुलाला मुंबईत एका ठिकाणी स्टेमसेल करायचं म्हणत होते, खूप खर्च आहे पण फरक पडतो असं ऐकलं. जमीन विकून केलं तरी चालेल असं त्याचे वडील म्हणतात. कुणाला अनुभव?

फिजिओ_सोलापूर

शाम, कळकळीनं सांगतो, जमीन विकू देऊ नका. आयसीएमआरची (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत, रक्ताच्या काही आजारांसारखे मान्य उपयोग सोडले तर बाकी आजारांत स्टेमसेल फक्त मान्यता घेतलेल्या संशोधनात वापरायच्या, आणि संशोधनात भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. सीपी मान्य यादीत नाही. कुणी लाखो रुपये मागत असेल तर तिथंच ओळखायचं. तो पैसा चांगल्या खुर्चीवर, स्प्लिंटवर, गरज असेल तर बोटॉक्सवर (कडक स्नायू सैल करणारं इंजेक्शन) आणि आईला थोडी विश्रांती मिळेल अशा मदतीवर घालवा, मुलाच्या आयुष्यात त्यानं फरक पडेल.

अनघा

शाम, मीही हेच म्हणेन. आम्हालाही आयुष्यभरात तेल, मंत्र, इंजेक्शन सगळं सुचवलं गेलं. आईबापाच्या आशेवर धंदा करणाऱ्यांचा मला अजूनही संताप येतो.

रानवारा, कार्ड हातात आलं की निरामय लगेच करा. ही नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची आरोग्य विमा योजना आहे, ऑटिझम, सीपी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारांसाठी, वर्षाला १ लाखापर्यंत. बाकी विमा कंपन्या आमच्या मुलांना दारात उभं करत नाहीत, इथं आधी मेडिकल तपासणी नाही. आणि मुख्य म्हणजे अ‍ॅडमिट न होता केलेली थेरपी, ओपीडी यालाही ठरलेल्या मर्यादेत पैसे मिळतात. फी अगदी थोडी आहे, दारिद्र्यरेषेखाली असाल तर अजून कमी. दर वर्षी नूतनीकरण लागतं. थेरपीची प्रत्येक पावती, डॉक्टरांची चिठ्ठी, तारीख-सही-शिक्क्यासकट एका फाइलमध्ये ठेवा. मी प्लास्टिकच्या कप्प्यांची फाइल केलीय, एक कप्पा मूळ कागदांचा जो कधीच कुणाला द्यायचा नाही, बाकी झेरॉक्स.

चाकांवर

मी स्वतः व्हीलचेअर वापरतो, अपघातात पाठीचा कणा दुखावलेला, नाशिकला असतो. खुर्चीबद्दल थोडं.

केंद्राची एडिप योजना आहे, त्यात एलिम्को (कानपूरची सरकारी कंपनी) साहित्य देते. एलिम्कोची मुलांसाठी सीपी चेअर वेगळी आहे, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. शिबिरं दोन टप्प्यांत होतात, आधी मोजमाप आणि नोंदणी, मग काही काळानं वाटप. वाटपाच्या दिवशी थेट गेलात तर जे उरलंय ते मिळतं. म्हणून मोजमापाच्या दिवशी पोरगी स्वतः तिथं हजर पाहिजे, आणि "सीपी चेअर" हा शब्द फॉर्मवर लिहून घ्या. महिन्याचं उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर पूर्ण मोफत, ३०,००० पर्यंत निम्म्या किमतीत. शिबिराची तारीख झेडपीच्या समाजकल्याण विभागात कळते. शिबिरांची वाट बघायची नसेल तर एलिम्कोची प्रधानमंत्री दिव्याशा केंद्रं आहेत, तिथं जाऊन मोजमाप देता येतं.

बाकी मणक्याच्या दुखापतीचे कुणी धागा वाचत असतील तर मुंबईत नीना फाउंडेशन फक्त आपल्यासाठी काम करतं, आणि हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची, तिथं कृत्रिम अवयव, कॅलिपर, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी सगळं एका छताखाली. कोल्हापूरला नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली सुरू केलेली हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड आहे, त्यांचं वसतिगृह आणि शाळा आहे. नसीमादीदी स्वतः खुर्चीवर, त्यांच्याकडं बघून मी परत कॉलेजला गेलो. रानवारा, तुमच्या गावावरनं कोल्हापूर थोडं लांब आहे पण पोरगी मोठी झाल्यावर एकदा दाखवून आणा, आपल्यासारखी माणसं काय काय करतात ते तिनंही बघितलं पाहिजे.

काजवा

चाकांवरशी सहमत. मी जन्मांध, ठाण्यात बँकेत आहे. विषय सीपीचा आहे पण वाचणाऱ्यांत कुणाच्या घरी दृष्टिहीन मूल असेल म्हणून लिहितो. मुंबईत वरळीला नॅब ही अंधांसाठीची संस्था, आणि सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये एक्सआरसीव्हीसी हे दृष्टिहीनांसाठीचं केंद्र, २००३ पासून. पडद्यावरचं वाचून दाखवणारं एनव्हीडीए कॉम्प्युटरवर फुकट आहे, अँड्रॉइड फोनवर तसंच टॉकबॅक असतंच, मराठीही वाचतं. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयावर नाव नोंदवलं की पुस्तकं मिळतात. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं मणी अ‍ॅप, नेट लागत नाही. लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ हा परीक्षेतला हक्क आहे, शाळा "बघू" म्हणाली तर लेखी मागा.

हा जादा वेळ आणि लेखनिक सीपीच्या मुलांनाही मिळतो, रानवारा, पुढं दहावीला लक्षात ठेवा. बोटानं तक्ता दाखवणारी मुलगी उद्या टॅबवर टाइप करेल, मी माझ्या शाखेत अशा एका मुलीबरोबर काम केलंय.

माडाची_सावली

फोंड्याहून लिहिते. गोव्यातले वाचक असतील तर, आमच्याकडे लोकविश्वास प्रतिष्ठान फोंड्याला बरीच वर्षं विशेष मुलांच्या शाळा चालवतं, पेन्शनसाठी दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे. आणि पणजीत २०२३ च्या जानेवारीत पहिला पर्पल फेस्ट (दिव्यांगांचा उत्सव) झाला, मी माझ्या बहिणीला घेऊन गेलेले, ती डाऊन सिंड्रोम. बहीण तिथं एवढी नाचली की घरी यायला तयार नव्हती. इतक्या वेगवेगळ्या माणसांना एका ठिकाणी बघून माझ्या आईला जो धीर आला तो कुठल्या डॉक्टरनं दिला नव्हता. रानवारा, तुमच्या बहिणीला अशा दुसऱ्या आया भेटायला हव्यात, ते पण मदतीतच धरा.

रानवारा

सगळ्यांचे किती आभार मानू. थोडं कळवतो. एक्स-रे झाला, डावा खुबा थोडा सरकलाय पण वेळेत कळलं असं डॉक्टर म्हणाले, रात्रीसाठी स्प्लिंट दिलंय आणि काही महिन्यांनी परत बघणार. फिजिओदादा, तुमचे उपकार. कोपरा-खुर्ची झाली, सुतारानं मजुरी घेतली नाही. तिच्यात बसून पहिल्यांदाच तिनं दोन्ही हात ट्रेवर ठेवले, बहिणीनं व्हिडिओ पाठवला. यूडीआयडीचा अर्ज भरला, आता बोलावणं यायचंय. झेडपी शाळेतल्या बाई स्वतः घरी येऊन गेल्या.

एक प्रश्न राहिलाय, तो बहीण मला रात्री फोनवर विचारते. आमच्यानंतर हिचं कोण?

अनघा

हा प्रश्न आम्हा सगळ्यांच्या उशाशी असतो हो. थोडं करण्यासारखं आहे ते सांगते.

मूल १८ चं होईपर्यंत आईबाप पालक असतातच. १८ नंतर मात्र कायद्यानं ते आपोआप राहत नाहीत, बँकेत, जमिनीच्या व्यवहारात अडतं. सीपी नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्यात येत असल्यानं कोर्टात न जाता जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडं अर्ज करता येतो, कलेक्टर तिचे अध्यक्ष असतात. पण सरसकट पालकत्व घेऊ नका. तुमच्या भाचीला समजतं सगळं, ती मोठी झाल्यावर स्वतःचं खातं स्वतः चालवू शकली, सही-अंगठा करू शकली तर तिच्या नावावर दुसऱ्याचा अधिकार कशाला? जिथं तिला खरंच लागेल तिथंच मदत, हे २०१६ च्या कायद्यातही धरलंय. माझ्या मुलासाठी आम्ही पालकत्व घेतलं कारण त्याला व्यवहार कळत नाहीत, आणि माझ्या भाचीचं नाव पुढं सुचवून ठेवलंय, तिला विचारून.

जमिनीचं, घराचं मृत्युपत्र करा, आणि पोरीच्या नावावर नुसतं ठेवण्यापेक्षा तिच्यासाठी ट्रस्ट करता येतो का ते वकिलाला विचारा. दाजी कधी पीएफ कापणाऱ्या नोकरीत लागले तर नॉमिनीत तिचं नाव आणि दिव्यांग असल्याची नोंद जरूर करा, पूर्ण आणि कायमचं अपंगत्व असलेल्या मुलाला ईपीएस (पीएफसोबतचं) पेन्शन आयुष्यभर मिळू शकतं. सरकारी नोकरदारांच्या कुटुंब निवृत्तिवेतनातही अशी तरतूद आहे, वाचणाऱ्यांपैकी कुणी सरकारी नोकरीत असेल तर हयातीतच नोंद करून ठेवा, मागाहून भावंडांना फार त्रास होतो. आणि जे इन्कम टॅक्स भरतात त्यांनी जुन्या करपद्धतीत दिव्यांग नातेवाइकासाठीची वजावट (८०डीडी) बघावी, ७५,००० आणि ८० टक्के किंवा वर असेल तर १,२५,०००.

बहिणीला सांगा, मला फोन कर. व्यनिमध्ये (खासगी निरोपात) नंबर देते. दुपारी दोननंतर मी मोकळी असते, मुलगा तेव्हा झोपतो.

निवृत्त_अव्वलकारकून

अनघाताईंनी लिहिलं त्यात एक भर. कुठंही अडवणूक झाली, शाळा असो की ऑफिस, तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडं तक्रार करता येते, वकील लागत नाही. आधी संबंधित ठिकाणी लेखी अर्ज आणि पोच, मग वरती. तोंडी भांडणाचा उपयोग नाही.

एसटीत ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेचं कार्ड वेगळं काढावं लागतं, यूडीआयडीवर भागत नाही, त्यासाठी रेल्वेच्या नमुन्यातलं डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. बोर्डावर जाल त्याच दिवशी तोही नमुना छापून न्या आणि भरून घ्या, दुसरी चक्कर वाचेल.

चिपळूणची_आई

मी पहिल्यांदाच लिहितेय. माझं बाळ १४ महिन्यांचं, अजून बसत नाही, मान पण डगमगते, सातव्या महिन्यात जन्मलं. इथले डॉक्टर म्हणतात थांबा, उशिरा करतात काही मुलं. सर्टिफिकेट वगैरे काही नाही, मग डीईआयसीला घेतील का?

फिजिओ_सोलापूर

ताई, घेतील. तिथं सर्टिफिकेट लागत नाही, बाळ मागं पडतंय एवढं कारण पुरेसं आहे. थांबू नका, लवकर जन्मलेल्या बाळाचे महिने वजा करून धरले तरी हे बाळ एक वर्षाच्या आसपास येतं आणि तोपर्यंत मान पक्की हवीच. पहिल्या दोन वर्षांत मेंदू जेवढा शिकतो तेवढा पुढं शिकत नाही. उद्या अंगणवाडी ताईंना गाठा, त्यांच्याकडून बाल स्वास्थ्य पथकाची चिठ्ठी घ्या आणि जिल्हा रुग्णालयात जा. बाळाचं डिस्चार्ज कार्ड, जन्माचं वजन, पेटीत किती दिवस होतं, कावीळ झाली होती का, झटके आले होते का, हे सगळं लिहून न्या. लवकर जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा तपासलेला नसेल तर तो, आणि कानांची बेरा टेस्ट, दोन्ही याच फेरीत मागून घ्या. जाऊन आलात की इथं लिहा, पुढचे व्यायाम मी सांगतो.